लाकडाचे अंतरंग उलगडणारा आन्सेल्म पायेन

जुने वर्तमानपत्र काही दिवस उन्हात राहिले की पिवळे पडते, हे आपणांपैकी प्रत्येकाने पाहिले असेल. आपल्या जिल्ह्यातील नेपानगर येथे भारतातील पहिला वर्तमानपत्री कागदाचा कारखाना पंडित नेहरूंनी १९५६ साली राष्ट्रास अर्पण केला. तेथे सलईचे लाकूड व बांबू यांपासून कागद होऊ लागला. असा कागद पिवळा का पडतो, हे शोधू लागल्यास आपण आन्सेल्म पायेन या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञापाशी जाऊन पोहोचतो.

पायेनचा जन्म ६ जानेवारी १७९५ रोजी पॅरिस येथे झाला. विज्ञानाचे पहिले धडे त्याने कारखानदार वडिलांपाशीच गिरविले आणि विसाव्या वर्षी टाकणखाराच्या कारखान्याची धुरा उचलली. त्या काळी टाकणखार पूर्वेकडून येई व त्याचा व्यापार डचांच्या मुठीत असे. पायेनने इटलीतील बोरिक आम्लापासून तो स्वस्तात तयार करून ही मक्तेदारी मोडली. बिटाच्या साखरेचा रंग घालविण्यासाठी त्याने हाडांचा कोळसा उपयोगात आणला. १८३३ साली पेर्सो या सहकाऱ्यासमवेत, पिष्टाची साखर करणारे डायास्टेज त्याने मोड आलेल्या सातूतून वेगळे केले.

पुढे तो प्राध्यापक झाला. निरनिराळ्या वृक्षांचे लाकूड त्याने नायट्रिक आम्लात घालून पाहिले. प्रत्येक वेळी एकच तंतुमय पदार्थ मागे उरे. १८३८ साली जगापुढे आलेला हा पदार्थ म्हणजेच सेल्युलोज. जो भाग विरघळून गेला, त्यात कर्बाचे प्रमाण अधिक होते. तंतूंवर चढलेले ते एक पुट आहे, हे पायेनने ओळखले. हेच लिग्निन. झाडाला ताठपणा येतो तो त्याच्यामुळे.

उत्तम कागदासाठी हे पुट काढून टाकावे लागते. गिरण्यांत ते काळ्या द्रावात उतरते आणि बहुतांशी भट्टीत जळते. वर्तमानपत्री कागदात ते राहू देतात, म्हणूनच तो पिवळा पडतो.

मे १८७१ मध्ये, पॅरिस यादवीने पेटलेले असताना, पायेनने देह ठेवला. ज्याला त्याने पुट म्हटले, त्यापासून आज नॉर्वेत व्हॅनिला सुगंधाचे द्रव्य काढतात. त्याचेच एक रूप काँक्रीटमध्येही मिसळतात. खनिज तेलापासून मिळणारी कित्येक रसायने त्यातून निघू शकतील. परंतु त्याची रचना अतिशय गुंतागुंतीची आहे. ती स्वस्तात व हवी तशी मोडण्याची युक्ती अद्याप पुरती साधलेली नाही.

विद्यार्थिमित्रांनो, आपल्या शिवारातील कपाशीच्या पऱ्हाट्यांतही हेच लिग्निन असते, आणि वेचणी संपली की त्या चुलीत किंवा बांधावर जळतात. पायेनने तंतू हाती घेतले. पुटाचे कोडे पुढच्यांसाठी राहिले. ते सोडविणारा आपल्याच वर्गातून का निघू नये?