हेवी मेटल बँडला सिंफनी ऑर्केस्ट्राशेजारी बसवणारा जॉन लॉर्ड, आणि त्याचं हरवलेलं बाड!

मंडळी, मेटालिकाचा तो गाजलेला कार्यक्रम तुमच्यापैकी अनेकांनी यूट्यूबवर पाहिला असेल. एप्रिल १९९९ मध्ये अमेरिकेतल्या बर्कली शहरात मेटालिका आणि सॅन फ्रान्सिस्को सिंफनी एकाच मंचावर आले होते. पुढे कानठळ्या बसवणाऱ्या गिटार, मागे व्हायोलिन आणि चेलोच्या रांगा, आणि मध्ये काठी हलवणारा कंडक्टर मायकेल केमन. पुढच्याच वर्षी स्कॉर्पियन्सने बर्लिन फिलहार्मोनिकला सोबत घेऊन अल्बम काढला. मग ही एक वाटच पडून गेली.

पण या वाटेवरून पहिल्यांदा चाललेला माणूस त्याच्या तीस वर्षं आधीचा. त्याचं नाव जॉन लॉर्ड. डीप पर्पलचा ऑर्गनवादक. ज्या कार्यक्रमाने त्याचं नाव इतिहासात गेलं, त्याच कार्यक्रमामुळे त्याचा बँड जवळजवळ फुटायला आला होता.

जॉनचा जन्म ९ जून १९४१ चा, इंग्लंडमधल्या लेस्टर शहरातला. वडील हौशी सॅक्सोफोनवादक. घरात पियानो होता आणि पोराला लहानपणीच शिकवणी लावली गेली. शिकवणी पक्की शास्त्रीय, म्हणजे बाख आणि मंडळी. पण बाहेर रॉक अँड रोलचं वारं सुटलं होतं आणि जेरी ली लुईस नावाचा अमेरिकन माणूस पियानो अक्षरशः बडवत होता. जॉनला दोन्ही आवडलं. त्याच्या पुढच्या सगळ्या भानगडींचं मूळ इथे आहे.

गंमत म्हणजे त्याला व्हायचं होतं नट. शाळा संपल्यावर एका वकिलाच्या कचेरीत कारकुनी केली आणि मग १९६० च्या सुमारास त्याने लंडन गाठून नाट्यशाळेत नाव घातलं. पोट भरायला रात्री क्लबमध्ये पियानो आणि ऑर्गन वाजवू लागला, आणि नाटक मागे पडलं. काही वर्षं तो आर्टवुड्स नावाच्या बँडमध्ये होता. त्या बँडचा प्रमुख आर्ट वुड म्हणजे रोलिंग स्टोन्समधल्या रॉनी वुडचा थोरला भाऊ.

१९६८ मध्ये डीप पर्पल उभा राहिला. गिटारवर रिची ब्लॅकमोर, ड्रमवर इयन पेस, ऑर्गनवर जॉन. बँडचं नाव आलं ब्लॅकमोरच्या आजीच्या आवडत्या गाण्यावरून! पहिलंच गाणं ‘हश’ अमेरिकेत चौथ्या क्रमांकापर्यंत चढलं, पण मायदेशी त्यांना फारसं कुणी विचारत नव्हतं. (जाता जाता : पेस आणि लॉर्ड पुढे साडू झाले. दोघांच्या बायका जुळ्या बहिणी.)

जॉनचं वाद्य होतं हॅमंड ऑर्गन. हे वाद्य एरवी चर्चमध्ये नाहीतर जॅझ क्लबात वाजायचं, गोल, गुळगुळीत आवाजाचं. ब्लॅकमोरच्या गिटारपुढे ते पार दबून जायचं. मग जॉनने आपला ऑर्गन गिटारवाल्यांच्या मार्शल अँप्लिफायरला जोडला. आवाज फाटला, खरखरीत झाला, गुरगुरू लागला. ‘स्मोक ऑन द वॉटर’ ऐकताना ज्या भरीव आवाजाला अनेकजण नुसती गिटार समजतात, त्यात हा ऑर्गनही मिसळलेला आहे. हेवी मेटलच्या आवाजाची घडण सांगताना सगळे गिटारवाल्यांची नावं घेतात, लॉर्डचं नाव राहून जातं. हा तसा अन्यायच.

आता मुख्य गोष्ट. मराठी माणसाला ऑर्केस्ट्रा म्हटलं की गणेशोत्सवातला हिंदी गाण्यांचा कार्यक्रम आठवतो. हा तो नव्हे. सिंफनी ऑर्केस्ट्रा म्हणजे व्हायोलिन, चेलो, बासरी, ट्रम्पेट अशा वाद्यांचा प्रचंड ताफा. प्रत्येकाच्या पुढ्यात कागद, कागदावर त्याने वाजवायचा प्रत्येक सूर लिहिलेला, आणि सगळ्यांचे डोळे कंडक्टरवर. रॉक बँडचं नेमकं उलटं. कागद नाही, अर्धी गोष्ट मंचावरच सुचणार, आणि ताल ड्रमवाला सांगेल तो. दोघांना एकत्र वाजवायचं तर एका गटाने डोळ्यांनी ताल धरायचा आणि दुसऱ्याने कानांनी. शिवाय बँड विजेवर चालणारा. चार माणसांनी अँप्लिफायर थोडा वर केला की व्हायोलिनची अख्खी फौज गायब!

जॉनच्या डोक्यात ही कल्पना आली ती एका रेकॉर्डवरून. जॅझ पियानोवादक डेव्ह ब्रूबेकच्या चमूने लेनर्ड बर्नस्टाइनच्या न्यू यॉर्क फिलहार्मोनिकसोबत काम केलं होतं. जॅझला जमतं तर रॉकला का नाही, असा त्याचा प्रश्न. डीप पर्पलच्या तिसऱ्या अल्बममध्ये ‘एप्रिल’ या गाण्यात त्याने तंतुवाद्यं आणि फुंकवाद्यांचा एक तुकडा घालून पाहिला होता. पण तो स्टुडिओतला मामला होता. तसं तर मूडी ब्लूजनेही १९६७ च्या एका अल्बमसाठी वाद्यवृंद घेतला होता. सगळ्यांना एका मंचावर बसवून, मुद्दाम लिहिलेली मोठी रचना प्रेक्षकांसमोर वाजवणं हे वेगळंच धाडस होतं.

१९६९ मध्ये त्याने ही कल्पना बँडचा मॅनेजर टोनी एडवर्ड्स याच्या कानावर घातली. एडवर्ड्स पक्का व्यावसायिक. त्याने लंडनचा रॉयल अल्बर्ट हॉलच आरक्षित करून टाकला आणि मग जॉनला तारीख कळवली : २४ सप्टेंबर. तोवर एक ओळही लिहिलेली नव्हती. त्यात बँडने नुकताच गायक आणि बेसवादक बदलला होता. इयन गिलन आणि रॉजर ग्लोव्हर हे दोघं नवे. दिवसा नव्या गाण्यांची तालीम, संध्याकाळी गावोगावी कार्यक्रम, आणि रात्री घरी येऊन जॉन ऑर्केस्ट्राच्या एकेका वाद्याचे सूर कागदावर उतरवत बसायचा. संपूर्ण ऑर्केस्ट्रासाठी एवढं मोठं काम त्याने आधी कधीच केलेलं नव्हतं.

त्याचं नशीब असं की कंडक्टर म्हणून माल्कम अर्नोल्ड भेटला. हा मोठा संगीतकार. ‘द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय’ या चित्रपटाच्या संगीतासाठी ऑस्कर मिळवलेला, आणि तरुणपणी स्वतः ऑर्केस्ट्रात ट्रम्पेट वाजवलेला. त्यामुळे वादकांच्या खोड्या त्याला आतून माहीत. त्याने जॉनचे कागद पाहिले, कुठे काय बदलायचं ते सांगितलं, पण पोराची चूल वेगळी आहे हे ओळखून मूळ रचनेला धक्का लावला नाही.

तालमी मात्र भयंकर झाल्या. रॉयल फिलहार्मोनिकच्या कित्येक वादकांना हा प्रकार पोरखेळ वाटत होता. लांब केसांची पोरं, नोटेशन वाचता न येणारी, आणि त्यांच्यासोबत आपण बसायचं? एका चेलोवादिकेने तर भर तालमीत, असल्या दुय्यम बीटल्ससोबत वाजवायला आपण इथे आलेलो नाही अशा अर्थाचं सुनावलं. ऑर्केस्ट्रा मरगळल्यासारखा वाजवत राहिला. शेवटी अर्नोल्डने तालीम थांबवून सगळ्यांना असं काही खडसावलं की त्यातले शब्द सभ्य घरात सांगण्यासारखे नाहीत. त्यानंतर वादन सुधारलं. इकडे बँडमध्येही सगळं आलबेल नव्हतं. ब्लॅकमोरला हा उद्योग मुळातच पसंत नव्हता, आणि गिलनने दुसऱ्या भागात गायचे शब्द कार्यक्रमाच्या दिवशीपर्यंत लिहिलेच नव्हते! त्याच दिवशी जेवणाच्या टेबलावर ते कसेबसे कागदावर आले.

२४ सप्टेंबर १९६९ च्या रात्री अल्बर्ट हॉलमध्ये आधी अर्नोल्डची सहावी सिंफनी झाली, मग डीप पर्पलची स्वतःची तीन गाणी, आणि शेवटी जॉनचा ‘कॉन्चेर्तो फॉर ग्रुप अँड ऑर्केस्ट्रा’. जवळजवळ पाऊण तासाहून मोठी, तीन भागांची रचना.

तिची बांधणी फार हुशारीची आहे. ज्या भांडणामुळे तालमी नासल्या, तेच जॉनने आधीच रचनेत घालून ठेवलं होतं. पहिल्या भागात दोन्ही पक्ष एकमेकांचे शत्रू. ऑर्केस्ट्रा बराच वेळ एकटाच वाजतो आणि बँड मध्येच घुसून धून हिसकावतो. ऑर्केस्ट्रा ती परत खेचून घेतो. आपल्याकडच्या सवाल-जवाबासारखाच प्रकार, फक्त इथे एक पक्ष विजेवर चालतो. दुसरा भाग संथ, त्यात गिलन गातो. तिसऱ्या भागात पेसचा दणदणीत ड्रम आणि मग दोघंही एकाच दिशेने धावतात. जॉनने दोघांना आवाजात समान करण्याचा नाद सोडून दिला होता. बहुतेक वेळ ते आळीपाळीने बोलतात, आणि एकत्र येतात ते मोजक्या जागी. व्हायोलिन बुडण्याच्या अडचणीवर त्याने शोधलेली ही वाट होती.

प्रेक्षकांनी इतकी दाद दिली की शेवटच्या भागाचा तुकडा पुन्हा वाजवावा लागला. समीक्षकांची मतं विभागली. रचना काही ठिकाणी कच्ची आहे हे खरंच. पहिल्या भागात चित्रपटाच्या पार्श्वसंगीताचा वास येतो आणि ब्लॅकमोरचा सोलो गरजेपेक्षा लांबतो. पण २८ वर्षांच्या, रात्री जागून लिहिणाऱ्या माणसाचं हे काम आहे हे विसरून चालत नाही.

आणि इथेच गोष्ट बिनसली. वर्तमानपत्रांत डीप पर्पल म्हणजे ऑर्केस्ट्रावाला बँड असं छापून येऊ लागलं. ठिकठिकाणचे आयोजक विचारू लागले, ऑर्केस्ट्रा कुठाय? ब्लॅकमोर आणि गिलन वैतागले. कागदोपत्री बँड पाच जणांचा, पण कौतुक सगळं जॉनचं! ब्लॅकमोरने सौदा टाकला : आता एक संपूर्ण, कडक रॉक अल्बम करायचा, आणि तो पडला तर उरलेलं आयुष्य ऑर्केस्ट्रासोबत वाजवायची आपली तयारी आहे. जॉनने मान्य केलं. जून १९७० मध्ये ‘इन रॉक’ आला आणि इंग्लंडमध्ये चौथ्या क्रमांकापर्यंत गेला. आज हेवी मेटलच्या पायाच्या दगडांमध्ये तो मोजला जातो. म्हणजे पाहा, मेटलचा एक पाया ऑर्केस्ट्रावरच्या रागातून घातला गेला.

ऑगस्ट १९७० मध्ये लॉस एंजेलिस फिलहार्मोनिकसोबत हॉलिवूड बोलमध्ये कॉन्चेर्तो आणखी एकदा वाजला. त्यानंतर त्याचं बाड, म्हणजे सगळ्या वाद्यांचे सूर लिहिलेली मूळ प्रत, हरवली. रॉकच्या कागदाची ना कुणी नक्कल ठेवली होती, ना कुणी नीट कपाटात ठेवलं होतं. पुढची जवळपास तीस वर्षं ही रचना फक्त रेकॉर्डवर उरली.

जॉन थांबला नाही. बीबीसीसाठी ‘जेमिनी स्वीट’ लिहिला, जर्मन संगीतकार एबरहार्ड शोनर याच्यासोबत ‘विंडोज’ केला, ‘साराबांद’ नावाचा अल्बम काढला. यातलं काहीच डीप पर्पलच्या गाण्यांइतकं खपलं नाही. १९७६ मध्ये बँड फुटला. जॉन व्हाइटस्नेकमध्ये गेला आणि १९८४ मध्ये जुनी मंडळी परत जमली. एप्रिल १९९५ मध्ये डीप पर्पल मुंबईत वाजवून गेला तेव्हा ऑर्गनवर तोच होता. त्या कार्यक्रमाचं चित्रण पुढे ‘बॉम्बे कॉलिंग’ नावाने निघालं.

हरवलेलं बाड परत आलं ते हॉलंडमधून, आणि तेही अजब रीतीने. मार्को दे गूय नावाचा डच संगीतकार या रचनेचा भक्त. त्याने जुनी रेकॉर्ड आणि चित्रण पुन्हा पुन्हा ऐकत-बघत, कोणतं वाद्य कुठे काय वाजवतंय ते कानाने पकडून कागदावर उतरवायला सुरुवात केली. विचार करा, एकाच वेळी वाजणाऱ्या डझनभर वाद्यांतून दुसऱ्या क्लॅरिनेटचा सूर वेगळा काढायचा, आणि वर ड्रमचा दणका चालू! हॉलंडमधल्या एका कार्यक्रमाच्या वेळी तो हे काम घेऊन जॉनसमोर उभा राहिला. जिथे कानाला काहीच कळलं नव्हतं तिथल्या जागा जॉन आणि कंडक्टर पॉल मान यांनी भरल्या.

सप्टेंबर १९९९ मध्ये, बरोबर तीस वर्षांनी, त्याच अल्बर्ट हॉलमध्ये डीप पर्पल पुन्हा बसला. या वेळी सोबत लंडन सिंफनी ऑर्केस्ट्रा. ब्लॅकमोर केव्हाच बँड सोडून गेला होता, गिटारवर स्टीव्ह मोर्स होता. पाहुण्यांमध्ये मेटलचा लाडका गायक रॉनी जेम्स डिओ. १९६९ मध्ये ऑर्केस्ट्राच्या नावाने बोटं मोडणारा गिलन यंदा मजेत गात होता. मग हा कॉन्चेर्तो दक्षिण अमेरिका, युरोप आणि जपानही फिरून आला.

२००२ मध्ये जॉनने डीप पर्पल सोडला आणि पूर्ण वेळ लिहायला बसला. डरहम विद्यापीठाच्या १७५ व्या वर्षासाठी त्याने लिहिलेला ‘डरहम कॉन्चेर्तो’ २००७ मध्ये तिथल्या कॅथेड्रलमध्ये वाजला. त्यातही ऑर्केस्ट्राच्या मध्ये त्याने आपला हॅमंड ठेवलाच.

ऑगस्ट २०११ मध्ये त्याने कर्करोग झाल्याचं जाहीर केलं. स्वादुपिंडाचा. १९६९ च्या कॉन्चेर्तोचं एक काम तेव्हा अजून बाकी होतं : त्याचं नीट, स्टुडिओत केलेलं ध्वनिमुद्रण आजवर झालंच नव्हतं. पॉल मान याने लिव्हरपूलच्या ऑर्केस्ट्राला हाती घेतलं, जॉनने ऑर्गन वाजवला, आणि गाणाऱ्यांत आयर्न मेडनचा ब्रूस डिकिन्सन आला. अंतिम मुद्रण तयार झालं ते जॉनने ऐकलं. त्यानंतर काही दिवसांतच, १६ जुलै २०१२ रोजी, वयाच्या ७१ व्या वर्षी तो लंडनमध्ये गेला. अल्बम त्याच वर्षी बाजारात आला.