हाफकिन : सरकारी पैसा आणि संशोधकाची जोखीम

परळची हाफकिन संस्था मुंबईकरांना नावाने ठाऊक आहे. परंतु ज्यांचे नाव तिला दिले गेले ते वाल्डेमार हाफकिन कोण होते, सरकारने त्यांना काय दिले आणि प्रसंग येताच काय काढून घेतले, याची आठवण क्वचितच काढली जाते. सरकारी तिजोरीतून वैद्यकीय संशोधनाला पैसा पुरवावा काय, पुरवल्यास कोणत्या अटींवर, आणि प्रयोग फसला तर त्याची किंमत कोणी मोजावी, या प्रश्नांचा विचार करणाऱ्यांना हे चरित्र बरेच काही शिकवू शकते.

हाफकिन यांचा जन्म १८६० मध्ये रशियन साम्राज्यातील ओडेसा येथे एका ज्यू कुटुंबात झाला. पुढे नोबेल पारितोषिक मिळवणारे मेचनिकॉफ हे त्यांचे गुरू. झारच्या राज्यात ज्यू माणसाला विद्यापीठात बढती हवी असेल तर धर्म सोडावा लागे. हाफकिन यांनी धर्म सोडला नाही, देश सोडला. जिनिव्हामार्गे ते १८८९ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेत दाखल झाले, तेही ग्रंथपाल म्हणून, कारण दुसरी जागा रिकामी नव्हती. ग्रंथालयातील काम आटोपून त्यांनी प्रयोगशाळेत पटकीवरील लस सिद्ध केली आणि १८ जुलै १८९२ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली.

लस तयार झाली, पण ती पारखायची कोठे? पटकीचे माहेर हिंदुस्थानात होते. माजी व्हाइसरॉय लॉर्ड डफरिन त्या वेळी पॅरिसमध्ये ब्रिटिश राजदूत होते. त्यांच्या प्रोत्साहनाने हाफकिन १८९३ च्या मार्चमध्ये कलकत्त्यास पोहोचले. पुढील दोन-अडीच वर्षांत त्यांनी चाळीस हजारांहून अधिक लोकांना लस टोचली. एकाच वस्तीतील, शक्य तेथे एकाच घरातील, टोचून घेतलेल्या आणि न घेतलेल्या माणसांची तुलना करण्याचा आग्रह त्यांनी धरला. आज अशा तुलनेवाचून औषधाला मान्यता मिळत नाही. त्या काळी मात्र ही शिस्त दुर्मीळ होती.

एक खोली, एक कारकून

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात मूळचे गोव्याचे डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. सरकार हादरले ते केवळ मृत्यूंच्या आकड्याने नव्हे. मुंबई हे कापसाच्या निर्यातीचे बंदर होते आणि युरोपातील राष्ट्रे येथून येणाऱ्या मालावर व जहाजांवर निर्बंध घालतील, ही भीती राज्यकर्त्यांना आणि व्यापाऱ्यांना सारखीच होती. ऑक्टोबरात हाफकिन यांना मुंबईस पाचारण करण्यात आले.

साम्राज्याच्या एवढ्या मोठ्या संकटावर उपाय शोधण्यासाठी सरकारने दिले काय? ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयातील एक खोली व तिला लागून असलेला व्हरांडा, एक कारकून आणि तीन शिपाई. आजच्या भाषेत बोलायचे तर हा एक अगदी लहान उद्योग होता. भांडवल तुटपुंजे, मनुष्यबळ नगण्य आणि ग्राहक एकच, तो म्हणजे सरकार. तीन महिन्यांत लस तयार झाली. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी पुढे इतरांना दिल्या जाणाऱ्या मात्रेहून कितीतरी मोठी मात्रा स्वतःला टोचवून घेतली. ताप आला, वेदना झाल्या, पण काम थांबले नाही. महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला तेव्हा स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना लस देण्यात आली. न टोचलेल्यांच्या तुलनेत त्यांच्यातील लागण व मृत्यू स्पष्टपणे कमी आढळले.

त्याच वर्षी पुण्यात रँडच्या अंमलाखाली घरझडत्यांचे सत्र चालू होते. बळजबरीने प्लेग हटत नाही, लोकक्षोभ मात्र पेटतो, हे २२ जून १८९७ च्या रँडवधाने सिद्ध केले. हाफकिन यांचा मार्ग वेगळा होता. त्यांची लस ऐच्छिक होती आणि तिचा प्रसार विश्वासावर अवलंबून होता. आगाखानांनी स्वतः लस घेऊन आपल्या खोजा समाजापुढे उदाहरण घालून दिले आणि प्रयोगशाळेसाठी आपला बंगलाही उपलब्ध करून दिला. हजारो खोजांनी लस टोचून घेतली. अखेर १८९९ च्या ऑगस्टमध्ये परळचे जुने गव्हर्नमेंट हाऊस प्रयोगशाळेला मिळाले. एका खोलीतील उद्योगाचा कारखाना झाला. १८९७ ते १९२५ या काळात मुंबईहून प्लेगच्या लशीच्या सुमारे २ कोटी ६० लाख मात्रा बाहेर पाठवल्या गेल्या.

मुलकोवालची बाटली

मात्र मागणी वाढली की उत्पादनाची घाई वाढते. १९०२ मध्ये पंजाब सरकारने लसीकरणाची प्रचंड मोहीम आखली. तेवढा पुरवठा व्हावा म्हणून हाफकिन यांनी उत्पादनाच्या पद्धतीत बदल केला आणि लशीत कार्बोलिक ॲसिड घालणे बंद केले. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल गावी १०७ जणांना लस टोचण्यात आली. त्यांतील एकाच बाटलीतून लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने दगावले.

चौकशी होणे आवश्यकच होते. जनतेच्या पैशाने तयार झालेल्या, सरकारच्या हमीवर टोचलेल्या लशीने १९ माणसे मरतात, तेव्हा जाब विचारलाच पाहिजे. दोष चौकशीत नव्हता, तिच्या रीतीत होता. आयोगाने दूषितपणाचा ठपका परळच्या प्रयोगशाळेवर ठेवला. हाफकिन यांना संचालकपद गमवावे लागले. चौकशीची कागदपत्रे मात्र १९०६ च्या अखेरीपर्यंत लोकांसमोर आली नाहीत. ती आल्यावर जाणकारांना वेगळेच चित्र दिसले. गावात बाटली उघडताना साहाय्यकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो पुरेसा निर्जंतुक न करताच वापरला गेला होता. १९०७ मध्ये रोनाल्ड रॉस व अन्य नामवंत शास्त्रज्ञांनी लंडनच्या टाइम्समधून हाफकिन यांची बाजू जाहीरपणे मांडली, तेव्हा कोठे सरकारने त्यांना दोषमुक्त केले.

तोवर पाच वर्षे गेली होती. हाफकिन कलकत्त्यास परतले, पण परळचे संचालकपद त्यांना पुन्हा मिळाले नाही आणि माणसांवर लशीचे प्रयोग करण्यासही मनाई झाली. ऐन उमेदीची वर्षे अशी वाया गेल्यावर १९१५ च्या सुमारास ते निवृत्त होऊन युरोपात गेले. १९२५ मध्ये संस्थेला त्यांचे नाव देण्यात आले आणि १९३० मध्ये लोझान येथे त्यांचे निधन झाले.

तिहेरी भूमिका

लशीच्या संशोधनात खाजगी भांडवल सहजासहजी उतरत नाही, याचे कारण अर्थशास्त्राला परिचित आहे. लशीचा लाभ टोचून न घेतलेल्या शेजाऱ्यालाही मिळतो, पण त्याच्याकडून किंमत वसूल करता येत नाही. म्हणून सरकारला पुढे यावे लागते. अमेरिकेने १९८२ मध्ये कायदा करून केंद्रीय खात्यांच्या संशोधन-खर्चाचा ठराविक हिस्सा लहान कंपन्यांसाठी राखून ठेवला. भारतात जैवतंत्रज्ञान विभागाने २००५ मध्ये लहान उद्योगांच्या संशोधनाला साहाय्य देणारी योजना सुरू केली आणि २०१२ मध्ये त्यासाठी बायरॅक ही स्वतंत्र सरकारी कंपनी स्थापन झाली. ही दिशा योग्यच आहे.

तथापि हाफकिन यांचे चरित्र एक इशारा देते. अशा व्यवहारात सरकार पैसा पुरवते, बहुधा मालाचे मुख्य गिऱ्हाईकही तेच असते आणि अपघात घडल्यास न्यायाधीशाच्या आसनावरही तेच बसते. या तिन्ही भूमिका एकाच हाती असल्या की जोखमीचे ओझे सर्वांत दुबळ्या पक्षावर ढकलण्याचा मोह होतो. मोठी कंपनी पाच वर्षांचा संशय पचवू शकते, दहा-वीस माणसांची प्रयोगशाळा पाच महिन्यांचाही पचवू शकत नाही. दुसऱ्या टोकाला लस घेणारा खेडूत असतो आणि त्याची तर कोणी दखलही घेत नाही.

म्हणूनच अनुदानाच्या रकमेइतकेच महत्त्व तीन गोष्टींना दिले पाहिजे. चौकशी करणारी यंत्रणा पैसा देणाऱ्या खात्यापासून स्वतंत्र असावी. तिचे निष्कर्ष पुराव्यांसह ठरलेल्या मुदतीत प्रसिद्ध व्हावेत. आणि अपाय झालेल्यांना भरपाई देण्याची तरतूद दोषनिश्चितीची वाट न पाहता आधीच केलेली असावी. हे नसेल तर संशोधनाला मिळणारा राजाश्रय हा यशाच्या दिवसांपुरताच आश्रय ठरतो. संस्थेला नाव देऊन हाफकिन यांचा सन्मान झाला खरा, पण मुंबईला त्यांच्या नावाच्या पाटीपेक्षा त्यांच्या कामाच्या आणखी काही वर्षांची गरज अधिक होती.