सोहिरोबांची दोरी आणि दिवा

आपल्या धारगळहून पत्रादेवीची हद्द ओलांडली, की थोड्याच अंतरावर बांदा लागते. संतकवी सोहिरोबानाथ आंबिये यांची कर्मभूमी ती हीच. जन्म इ. स. 1714 चा, घराणे मूळचे पेडणे महालातील पालये गावचे. व्यवसाय कुलकर्णीपणाचा, म्हणजे गावच्या वसुलाचे हिशेब राखण्याचा.

एकदा सावंतवाडी दरबारच्या बोलावण्यावरून जात असता ते वाटेत रानात फणस खाण्यास बसले. तोच एक योगी पुढे आला. सोहिरोबांनी त्यास आदराने गरे दिले. ते साक्षात गहिनीनाथ होते आणि त्यांनीच उपदेश दिला, अशी परंपरा आहे. पुढे सोहिरोबांनी दप्तर सोडले. पाठीशी संसार असता हातची वृत्ती सोडणे सोपे नव्हते.

चीन देशातील ताओ युआनमिंग या कवीनेही इ. स. 405 मध्ये अधिकारपद सोडून शेतीचा मार्ग धरला. त्याच्या कुंपणाजवळची शेवंती पुढे चिनी काव्यात विरक्तीची खूण ठरली. तिकडे वाळुंजाच्या जातीच्या एका झाडाची फांदी कवितेत आली, की वाचकास ताटातूट उमगते. कारण निरोप देताना ती फांदी हाती देण्याची रीत होती, आणि त्या झाडाचे नाव तेथील 'थांबणे' या अर्थाच्या शब्दासारखेच ऐकू येते. आपणांस हे समजावून सांगावे लागते.

सोहिरोबांच्या प्रतिमा घरच्याच, तेव्हा त्यांस खुलासा नको, असे मी समजत होतो. पंडित जितेंद्र अभिषेकींनी गायिलेल्या त्यांच्या प्रसिद्ध पदात दोरीस साप समजून भिणारा जीव आहे, अंतरीचा दिवा आहे, चिखल आहे. ते पद वर्गात शिकविताना मी दोरी म्हणजे संसार, साप म्हणजे भ्रम, दिवा म्हणजे ज्ञान असे अर्थ सांगितले. वर्गाने माना हलविल्या. अनुभवावाचून मान हलवू नये, हेही त्याच पदात आहे, याचे मला भान नव्हते!

एका मुलीने मात्र मान हलविली नाही. तिन्हीसांजेस गोठ्यात दाव्यावर पाय पडून ती किंचाळली होती. आजीने दिवा आणला, आणि साप मारावाच लागला नाही, असे तिने सांगितले. मी निरनिराळ्या शिकविलेल्या दोन प्रतिमा तिने एकत्र आणल्या.

पुढे सोहिरोबा उत्तरेस गेले. पेडण्यातील केरी गावचे जिवबादादा बक्षी तेव्हा महादजी शिंद्यांचे सेनानी होते. महादजी स्वतः कविता रचीत. ती त्यांनी सोहिरोबांपुढे ठेविली; परंतु सोहिरोबांनी तेथेही भिडेखातर मान हलविली नाही, अशी आख्यायिका आहे. 1792 साली उज्जैनीहून ते निघून गेले, ते पुन्हा कोणास दिसले नाहीत. विर्नोड्याच्या सरकारी महाविद्यालयास आज त्यांचेच नाव आहे.