देवळालीचे कापरेकर मास्तर

सार्वजनिक गणेशोत्सवाचे साल १८९३. उत्सवाच्या धावपळीतून दोन मिनिटे काढून हेच चार अंक कागदावर घ्या. मोठ्याकडून लहानाकडे मांडले की ९८३१, लहानाकडून मोठ्याकडे मांडले की १३८९. वजाबाकी ८४४२. आता या उत्तराचेही तेच करा. ८४४२ वजा २४४८, आले ५९९४. पुढे ५३५५, मग १९९८, मग ८०८२, मग ८५३२ आणि सातव्या खेपेला ६१७४. आणखी एकदा केले तरी ७६४१ वजा १४६७, पुन्हा ६१७४च. आपल्या जन्मसालापासून सुरुवात करा नाहीतर स्कूटरच्या नंबरापासून, मुक्काम तोच. चारही अंक सारखे नसावेत आणि उत्तर तीन अंकी आले तर पुढे शून्य धरावे, एवढीच अट. सातापेक्षा जास्त खेपा कधीच लागत नाहीत.

जगभर ६१७४ ला कापरेकर स्थिरांक म्हणतात. तो शोधणारे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर विद्यापीठातले प्राध्यापक नव्हते. नाशिकजवळच्या देवळालीत ते शाळामास्तर होते.

जन्म डहाणूचा, १७ जानेवारी १९०५ चा. आठ वर्षांचे असताना आई गेली. वडील कारकून, पण ज्योतिषाचा नाद. पत्रिका मांडायची तर आकडेमोड आलीच, आणि मुलाला हिशेबाची गोडी लागली ती तिथूनच. पत्रिकांवर आपला विश्वास असो वा नसो, त्या घरातल्या पत्रिकांनी एक गणिती घडवला हे मान्य करावे लागेल. माध्यमिक शाळा ठाण्यात झाली. १९२३ साली ते पुण्याला फर्ग्युसन कॉलेजात दाखल झाले. १९२७ मध्ये विद्यार्थ्यांच्या स्वतंत्र गणिती लेखनासाठी असलेले रँग्लर परांजपे यांच्या नावाचे पारितोषिक त्यांना मिळाले. १९२९ ला बी.एस्सी. झाले. पुढची पदवी नाही, संशोधनाचा मार्गदर्शक नाही. देवळालीची नोकरी धरली आणि १९६२ साली निवृत्त होईपर्यंत तिथेच शिकवले.

वर्गातल्या चौकस पोराला पडतात तसलेच प्रश्न या माणसाला जन्मभर पडत राहिले. आकडा उलटा केला तर काय होईल? अंकांची बेरीज त्याच आकड्यात मिळवली तर? वर्गाचे दोन तुकडे करून जोडले तर? आपण अशा पोराला अभ्यास कर म्हणून गप्प करतो. कापरेकर बसून उत्तर शोधत.

तुकड्यांचेच पाहा. ४५ चा वर्ग २०२५, आणि २० अधिक २५ पुन्हा ४५. २९७ चा वर्ग ८८२०९, त्यातले ८८ आणि २०९ मिळवले की २९७. अशा संख्यांना आज कापरेकर संख्या म्हणतात. ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने पूर्ण भाग जातो तिला त्यांनी हर्षद म्हटले, म्हणजे आनंद देणारी. बाप्पापुढचे २१ मोदक हर्षद आहेत, कारण २ अधिक १ म्हणजे ३ ने २१ ला भाग जातो. अथर्वशीर्षाची सहस्रावर्तने म्हणजे १०००, तेही हर्षद. जपमाळेचे १०८ मणीही त्यात बसतात. डोंबिवलीच्या स्टेशनावर सुचलेल्या संख्यांना त्यांनी डेम्लो हे त्या स्टेशनाचेच नाव दिले. १११ चा वर्ग १२३२१ आणि ११११ चा वर्ग १२३४३२१, या त्याच कुळातल्या.

पण मला सगळ्यांत जवळच्या वाटतात त्या देवळाली संख्या. कोणतीही संख्या घ्या, तिच्यात तिचेच अंक मिळवा. २३ मध्ये २ आणि ३ मिळवले की २८, म्हणजे २८ चा जन्म २३ पासून. २० मात्र अशा कोणत्याच संख्येपासून जन्मत नाही. तशीच ३१, तशीच ४२. या संख्यांना आईबाप नाहीत. स्वयंभू म्हणावे अशा त्या. कापरेकरांनी १९६३ मध्ये हे मांडले. पुढे दहाएक वर्षांनी कोलंबियातल्या एका गणितज्ञाने तोच प्रश्न अमेरिकेतल्या नियतकालिकात विचारला, आणि अनेक पुस्तकांत या संख्या कोलंबियन झाल्या. हर्षद संख्यांनाही तिकडे निव्हेन हे दुसरे नाव आहे. गावाचे नाव टिकवायचे तर गाववाल्यांनीच ते घ्यायला हवे, म्हणून या लेखात तरी देवळालीच.

६१७४ ची गोष्ट त्यांनी १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत सांगितली. आपल्याकडच्या अनेक गणितज्ञांना हा सगळा पोरखेळ वाटला, आणि ते हसले. काही लेख लहानसहान नियतकालिकांत आले, बाकीच्यांच्या पुस्तिका मास्तरांनी देवळालीहून स्वतःच छापल्या. हसणाऱ्यांचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. या शोधांवर मोठे सिद्धान्त उभे राहिले असे नाही. पण ६१७४ का येते हे एकदा तपासून पाहावे. मोठ्यात मोठा आणि लहानात लहान अंक यांतला फरक, आणि मधल्या दोन अंकांतला फरक, एवढ्या दोनच गोष्टींवर वजाबाकीचे उत्तर ठरते. पहिल्याला ९९९ ने, दुसऱ्याला ९० ने गुणून बेरीज केली की झाले. १८९३ साठी ९ वजा १ म्हणजे ८, ८ वजा ३ म्हणजे ५. ८ गुणिले ९९९ म्हणजे ७९९२, ५ गुणिले ९० म्हणजे ४५०, मिळून ८४४२. म्हणून १००० ते ९९९९ मधल्या ८९९१ पात्र संख्यांना पहिल्या खेपेत फक्त ५४ उत्तरे शक्य आहेत. ती ५४ सातवीतले मूलसुद्धा एका दुपारी तपासून संपवेल. जे गणित घरच्या वहीत सुरू होऊन घरच्या वहीतच सिद्ध होते, त्याला पोरखेळ म्हणायला माझी जीभ धजत नाही.

१९६६ मध्ये पत्नी वारल्या. राहणी अगदी साधी असूनही पेन्शन पुरेना, तेव्हा गणित आणि विज्ञानाच्या शिकवण्या धरल्या. साठी उलटलेले मास्तर पुन्हा पोरांच्या वह्या तपासू लागले. मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी सायंटिफिक अमेरिकन मासिकातल्या आपल्या प्रसिद्ध सदरात त्यांच्यावर लिहिले आणि जगभरच्या गणितवेड्यांना देवळाली ठाऊक झाली. तोवर मास्तर सत्तरीचे झाले होते. १९८६ साली देवळालीतच ते वारले.

मंडपात रात्री जागायला बसणाऱ्या मुलांसाठी एक काम ठेवतो. तीन अंकी आकड्यांचा मुक्काम ४९५ वर होतो, तो त्यांनी स्वतः पडताळावा. पाच अंकांना मात्र असे एक घर नाही. ५३९५५ घेतले की ५९९९४ येते आणि ५९९९४ घेतले की परत ५३९५५. पाच अंकांच्या आणखीही फेऱ्या आहेत. किती ते आरतीच्या आधी कळवावे.