पुण्याची दुर्बीण कोडाईकनालला का गेली? कावसजी नायगमवाला यांची गोष्ट

मी हिंगोली जिल्ह्यातला. लहानपणी हिवाळ्यात लोडशेडिंग झालं की अंगणातून मृग नक्षत्र लख्ख दिसायचं. आता आमच्या औंढा नागनाथ तालुक्यात लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा होतेय. २०२३ मध्ये केंद्राने तिच्यासाठी २,६०० कोटी मंजूर केले. गावाकडे प्रश्न एकच असतो: यात आपल्या पोरांचं काय? मला याचं उत्तर कावसजी दादाभाई नायगमवाला यांच्या आयुष्यात सापडलं.

५ हजारांतून वेधशाळा

कावसजींचा जन्म १८५७ चा. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात ते फिजिक्स शिकवायचे. १८८२ मध्ये भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांनी कॉलेजला ५ हजार रुपये दिले, सरकारने तेवढेच घातले. ठरलं होतं की यातून स्पेक्ट्रोस्कोपची लॅब करायची. पण १८८४ मध्ये कावसजी इंग्लंडला गेले, तिथल्या खगोलशास्त्रज्ञांना भेटले आणि बेत बदलला. लॅब नको, वेधशाळाच करू! पुढे त्यांची बदली पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये (आजचं सीओईपी) झाली आणि १८८८ मध्ये वेधशाळा तिथेच उभी राहिली. पुढे तिथली २० इंची दुर्बीण देशातली सगळ्यात मोठी ठरली.

मोठ्या माणसाचं चुकतंय!

स्पेक्ट्रोस्कोप म्हणजे प्रकाशाचे रंग सुटे करणारं यंत्र. प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा ठरलेल्या असतात, अगदी फिंगरप्रिंटसारख्या. त्यावरून तारा कशाचा बनलाय ते कळतं.

मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाची मुख्य रेषा धूसर आहे, म्हणून तो उल्कांच्या टकरीतून चमकतो, असं नॉर्मन लॉकियर म्हणत. लॉकियर म्हणजे सूर्यात हीलियम शोधणाऱ्यांपैकी एक, आणि कावसजींनी ज्यांचा सल्ला घेतला ते. कावसजींनी पुण्यातून तीच रेषा पाहिली. ती बारीक आणि स्पष्ट होती. १८९१ मध्ये त्यांनी तसं छापून टाकलं. पुढे १९२७ मध्ये कळलं की ती रेषा ऑक्सिजनची आहे.

२२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाला कावसजींनी सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला तळ ठोकला आणि ग्रहणाचा सविस्तर अहवाल लिहिला.

मग काय झालं?

१९१२ मध्ये कावसजी निवृत्त झाले आणि वेधशाळा बंद पडली. यंत्रं कोडाईकनालच्या वेधशाळेत गेली, पळणी डोंगरात, २,३०० मीटरहून उंच. तिथे हवा विरळ, धूळ कमी. दुर्बिणीचं भलं झालं. पुण्याचं मात्र नाही, कारण अख्खी वेधशाळा एका माणसावर उभी होती. १९३८ मध्ये ते वारले.

म्हणून मला वाटतं, लायगोचे ४ किलोमीटरचे दोन बाहू उभे राहतील, पण ते चालवणारी पोरं हिंगोलीतूनही निघायला हवीत. लायगोला अंधार नाही, शांतता लागते. पोरांना मात्र आधी आकाश दिसायला हवं. रस्त्यावरचे दिवे खाली वळवले, रात्री अंगणातला नको असलेला बल्ब बंद केला, तरी खूप फरक पडतो.

येत्या हिवाळ्यात एकदा करून बघा. फोन खिशात ठेवा, डोळ्यांना वीसेक मिनिटं अंधाराची सवय होऊ द्या. मृगाच्या तीन ताऱ्यांखाली एक पुसट ठिपका दिसेल. कावसजींनी पाहिला तो हाच.