माशीच्या बाटलीतून निघालेला इशारा

एक्स-रे काढायला गेले की तंत्रज्ञ आपल्याला टेबलावर झोपवतो, हलू नका असे बजावतो आणि स्वतः शिशाच्या आडोशामागे जातो. पेशंट तरुण स्त्री असेल, तर दिवस गेलेले नाहीत ना, हे आधी विचारले जाते. या काळजीची आपल्याला सवय झाली आहे. शंभर वर्षांपूर्वी मात्र क्ष-किरणांनी कातडी भाजते, एवढेच बहुतेक डॉक्टरांच्या खिजगणतीत होते. हे किरण पेशीतील आनुवंशिक मजकूरच बिघडवतात आणि तो बिघाड पुढच्या पिढीत उतरतो, हे निर्विवादपणे दाखवले हर्मन मुलर या अमेरिकी शास्त्रज्ञाने. पेशीचे म्हातारपण आणि कर्करोग यांच्या अभ्यासात आज रोज उच्चारला जाणारा ‘टेलोमिअर’ हा शब्दही त्यांचाच.

मुलर यांचा जन्म 21 डिसेंबर 1890 रोजी न्यूयॉर्कमध्ये झाला. नऊ वर्षांचे असताना वडील गेले. शिष्यवृत्तीवर ते कोलंबिया विद्यापीठात शिकले आणि खर्च भागवण्यासाठी हॉटेलात कारकुनीही केली. याच विद्यापीठात थॉमस हंट मॉर्गन यांची प्रयोगशाळा होती. पिकलेल्या केळ्यांवर घोंघावणारी चिलटे, म्हणजेच फळमाश्या, तिथे दुधाच्या बाटल्यांत वाढवल्या जात. दहा-बारा दिवसांत त्यांची नवी पिढी तयार होते, म्हणून आनुवंशिकतेच्या अभ्यासाला त्या सोयीच्या. जनुके गुणसूत्रांवर ओळीने असतात, हे याच माश्यांनी शिकवले.

जनुकात अचानक होणारा बदल, म्हणजे उत्परिवर्तन, फार विरळा. हजारो माश्या तपासाव्यात तेव्हा एखादा सापडायचा. 1920 मध्ये टेक्सास विद्यापीठात गेलेल्या मुलर यांनी हे बदल मोजण्याची युक्ती शोधली. त्यांनी माश्यांचे असे वाण तयार केले की ‘एक्स’ गुणसूत्रात प्राणघातक बदल झाला, तर त्या बाटलीत नर जन्मतच नसत. बाटली भिंगाखाली धरून नर आहेत की नाहीत एवढे पाहिले की काम झाले. मग 1926 च्या अखेरीस त्यांनी नर माश्यांवर क्ष-किरण सोडले. बाटल्यांमागून बाटल्या नरांविना निघू लागल्या. जास्त मात्रेत उत्परिवर्तनाचे प्रमाण सुमारे दीडशे पटींनी वाढले होते. 1927 मध्ये हा शोध प्रसिद्ध झाला आणि मुलर यांचे नाव जगभर झाले.

घरी आणि बाहेर मात्र परिस्थिती बिकट होती. लग्न मोडकळीस आले होते, जुन्या सहकाऱ्यांशी श्रेयावरून बिनसले होते, डाव्या विचारांमुळे सरकारी यंत्रणांची नजर होती. 1932 मध्ये त्यांनी झोपेच्या गोळ्या घेऊन आयुष्य संपवण्याचा प्रयत्न केला. ते वाचले आणि त्याच वर्षी बर्लिनला गेले. काही महिन्यांतच तिथे हिटलर सत्तेवर आला. मग निकोलाय वाव्हिलोव्ह यांच्या आमंत्रणावरून मुलर आपल्या माश्यांसह सोव्हिएत रशियात पोचले.

तिथे तरी विज्ञानाला मोकळा श्वास मिळेल ही आशा फोल ठरली. ट्रोफिम लायसेन्को जनुके हे थोतांड असल्याचे सांगत होता आणि सत्ता त्याच्या पाठीशी उभी राहत होती. 1936 च्या जाहीर वादात मुलर त्याच्याविरुद्ध उभे राहिले. टेक्सासमध्ये त्यांच्याकडे काम करून गेलेले दोन सोव्हिएत शास्त्रज्ञ पुढे अटकेत मारले गेले. वाव्हिलोव्ह 1943 मध्ये तुरुंगात मरण पावले. मुलर मात्र 1937 मध्ये निसटले. यादवी युद्धाने पेटलेल्या स्पेनमध्ये जखमींना रक्त पुरवणाऱ्या पथकात काही काळ काम करून ते एडिंबराला आले. याच मुलर यांनी स्टॅलिनला पत्र लिहून, निवडक पुरुषांच्या वीर्यातून मानववंश ‘सुधारण्याची’ योजना सुचवली होती. निवडीने माणूस घडवण्याचा हा हट्ट त्यांनी शेवटपर्यंत सोडला नाही. त्यांच्या विचारांतील ही बाजू आज कोणाला पटणारी नाही.

याच धावपळीच्या वर्षांत त्यांना एक गोष्ट खटकत होती. क्ष-किरणांनी गुणसूत्र तुटले की तुटके तुकडे एकमेकांना वाटेल तसे चिकटत. पण गुणसूत्राचे मूळचे टोक कधी कशाला चिकटत नसे आणि ते गमावलेले गुणसूत्रही टिकलेले दिसत नसे. म्हणजे टोकाशी काहीतरी खास राखण असली पाहिजे. 1938 मध्ये अमेरिकेतील वुड्स होल येथील व्याख्यानात त्यांनी या टोकाला ‘शेवट’ आणि ‘भाग’ या अर्थांच्या ग्रीक शब्दांवरून टेलोमिअर असे नाव दिले. मक्यावर काम करणाऱ्या बार्बरा मॅक्लिंटॉक यांनाही त्याच सुमारास तुटक्या टोकांचा असाच अनुभव आला.

ही राखण कशाची, हे कळायला आणखी चार दशके लागली. 1961 मध्ये लिओनार्ड हेफ्लिक आणि पॉल मूरहेड यांनी दाखवले, की माणसाच्या सामान्य पेशी प्रयोगशाळेत सुमारे पन्नास वेळा विभागून थांबतात. पुढे उलगडले, की दर विभाजनाला टेलोमिअर थोडे झिजते. फार आखूड झाले की पेशी विभाजन थांबवते. बहुतेक कर्करोगांच्या पेशी टेलोमरेज हे विकर वापरून ही झीज भरून काढतात, म्हणून त्या थांबत नाहीत. टोके लांबवली की तारुण्य परत मिळेल, हे गणित त्यामुळेच सरळ नाही: म्हातारपणाला रोखणारी वाट कर्करोगाकडेही जाऊ शकते. या संशोधनासाठी एलिझाबेथ ब्लॅकबर्न, कॅरल ग्रायडर आणि जॅक शोस्टाक यांना 2009 चे नोबेल मिळाले.

मुलर यांना स्वतःला नोबेल मिळाले ते 1946 मध्ये, क्ष-किरणांवरील शोधासाठी. हिरोशिमाला जेमतेम वर्ष झाले होते. त्यानंतर त्यांनी किरणोत्साराविरुद्ध इशारे देण्याचे काम सोडले नाही. गरज नसताना एक्स-रे काढू नका, काढताना जननेंद्रिये झाका, असे ते डॉक्टरांना सांगत. अनेक डॉक्टरांना ते रुचत नसे. 1955 मध्ये जिनिव्हाच्या अणुशक्ती परिषदेत त्यांचा निबंध अमेरिकी अणुऊर्जा आयोगानेच वाचू दिला नाही. त्याच वर्षी अण्वस्त्रांविरुद्धच्या रसेल-आइन्स्टाइन जाहीरनाम्यावर त्यांनी सही केली.

5 एप्रिल 1967 रोजी मुलर यांचे निधन झाले. अगदी कमी मात्रेतील किरणांचा धोका नेमका किती, यावर शास्त्रज्ञांत आजही वाद आहेत. डॉक्टरांनी सांगितलेला आवश्यक एक्स-रे टाळण्याचे कारण नाही. तो आवश्यक आहे का, एवढे विचारण्याचा हक्क मात्र पेशंटला आहे. त्या प्रश्नामागे नर न जन्मलेल्या माश्यांच्या बाटल्यांचा पुरावा आहे.