मी बाबर बोलतोय

बालमित्रांनो, इतिहासाच्या पुस्तकात तुम्ही माझं नाव वाचलं असेल. हिंदुस्थानातल्या मोगल राज्याचा पहिला बादशहा तो मीच. पण त्याआधी मी राज्य गेलेला, गाव सुटलेला एक पोरगा होतो. ती हकिकत आज सांगतो.

माझा जन्म इ. स. १४८३ मध्ये मध्य आशियातील फरगाना येथे झाला. तो मुलूख आज बहुतेक उझबेकिस्तानात आहे. वडिलांचे घराणे तैमूरलंगाचे, आईचे चंगीझखानाचे. वडिलांना कबुतरांचा भारी नाद. १४९४ साली कड्यावरचा कबुतरखाना दरीत कोसळला आणि त्याबरोबर वडीलही गेले. अकरा वर्षांचा मी गादीवर बसलो. आजी ऐसान दौलत बेगम मोठी शहाणी. तिच्या सल्ल्याने कारभार चाले.

समरकंद ही तैमूरची राजधानी. १४९७ साली सात महिने वेढा घालून मी ती घेतली. इकडे सरदारांनी माझ्या धाकट्या भावाला पुढे करून फरगाना बळकावले. ते सोडवायला निघालो, तर समरकंदही गेले. राज्य टिकलं ते शंभर दिवस!

१५०० साली अवघ्या २४० माणसांनिशी, रात्री तटाला शिड्या लावून मी समरकंद पुन्हा घेतले. पुढच्या वर्षी शैबानीखानाने वेढा दिला. शहरात दाणा उरला नाही. घोड्यांना झाडपाला चारला. अखेर रात्रीच्या अंधारात शहर सोडले. माझा जीव वाचला, पण थोरली बहीण खानजादा शत्रूच्या हाती राहिली. तिला शैबानीशी लग्न करावे लागले. ती परत भेटली दहा वर्षांनी.

पुढे दिखकत नावाच्या डोंगरी खेड्यात पाटलाच्या घरी राहिलो. अनवाणी हिंडून हिंडून पाय इतके निबर झाले की दगडधोंडे टोचेनात. पाटलाची आई १११ वर्षांची होती. तिचे काही नातलग तैमूरच्या फौजेबरोबर हिंदुस्थानात गेले होते. म्हातारी त्या स्वारीच्या गोष्टी सांगे आणि मी कान देऊन ऐके.

१५०४ मध्ये हिंदुकुश ओलांडून काबूलकडे निघालो, तेव्हा सोबत तीनशेसुद्धा माणसं नव्हती. बहुतेक सारे पायी, हातात काठ्या. तंबू दोनच, माझा होता तो आईला दिला. काबूल मिळाले. १५११ मध्ये समरकंद तिसऱ्यांदा घेतले, पण तेही काही महिन्यांतच गेले. तेव्हा मी हिंदुस्थानकडे तोंड वळवले.

२१ एप्रिल १५२६ रोजी पानिपतावर इब्राहिम लोदीशी गाठ पडली. सिंधू नदीवर मोजले तेव्हा माझी माणसे होती १२,०००. त्याचे सैन्य कितीतरी मोठे, शिवाय हत्ती. मी गाडे कातडी दोरांनी एकमेकांना बांधले आणि त्यांच्या आडून तोफा-बंदुका चालवल्या. दोन्ही बगलांचे स्वार वळसा घालून शत्रूच्या पाठीवर गेले. दुपारपर्यंत लढाई संपली. इब्राहिम पडला, हजारो माणसे मेली.

आग्र्याचा उन्हाळा माझ्या लोकांना सोसवेना. पुष्कळांनी परत जायचा हट्ट धरला. मी राहिलो. पुढे एकदा खरबूज कापताना तिकडच्या आठवणीने डोळ्यांत पाणी आलं. १५३० मध्ये आग्र्यातच वारलो. नंतर माझा देह काबूलला नेऊन पुरला.

मी मांडलेलं राज्य नावाला का होईना, १८५७ पर्यंत चाललं. शिवरायांशी लढलेला औरंगजेब माझ्याच वंशातला. पण ज्या समरकंदासाठी मी तीनदा लढलो, ते काही मला लाभले नाही.

मुलांनो, पुस्तकात राजांची नावं असतात, लढायांचे सन असतात. ते पाठ करा. पण माझं नाव वाचाल तेव्हा बहीण खानजादालाही आठवा. माझ्या जिवाचं मोल तिनं दिलं.